चौथ्या खणातला धातू

फार पूर्वी एका डोंगराळ राज्यात धातू-क्षार पारखण्याची राजाची रसशाळा होती आणि मथुराबाई नावाची बाई ती सांभाळत असे. मूळ पदार्थ वजनाच्या क्रमाने खणांत मांडता मांडता तिला उमगलं, की ठरावीक खण ओलांडले की तोच स्वभाव पुन्हा भेटतो. मग एका स्वभावाचे पदार्थ तिने एकाखाली एक ठेवले.

पहिल्या उभ्या ओळीत सुरीने कापता येतील असे मऊ धातू तेलात बुडवलेले होते. सगळ्यांत वर लिथियम. पाण्यात टाकलं की नुसतं फसफसायचं. त्याखालचं सोडियम पाण्यावर सैरावैरा धावायचं, आणि त्याखालचं पोटॅशियम तर पाणी लागताच जांभळ्या ज्वाळेने पेटायचं.

पुढे सहा महिने खपून तिने खाणीतल्या क्षारातून त्याच जातीचा, आणखी जड असा धातू वेगळा काढला. तो चौथ्या खणात गेला. त्याला पाणी मात्र अजून दाखवलं नव्हतं.

त्याच सुमारास राजकन्येचं बारसं ठरलं. राजा म्हणाला, "दसऱ्याला तुमचा जांभळा जाळ लोकांना फार आवडला. बारशाला हा नवा गोळा अख्खा तळ्यात सोडू. पोरांना घाटावर पुढे बसवा."

मथुराबाईच्या सहा महिन्यांच्या कष्टांचं सगळ्यांसमोर कौतुक होणार होतं. शिवाय भर दरबारात राजाला नाही म्हणायचं, तर रसशाळेच्या किल्ल्या हातातून जायची भीती. पण डोळ्यांपुढे ती ओळ येत राहिली.

"महाराज, हे नको," ती हळूच म्हणाली.

"का? याला पाण्यात कधी पाहिलंत?"

"नाही. पण याच्या वरचे तिन्ही पाहिलेत. एकेक खण खाली उतरावं तसा यांचा भडका वाढतो. हा तिघांच्याही खाली आहे."

"ही नुसती अटकळ झाली."

"मग हरभऱ्याएवढा तुकडा आधी आजमावून बघू. माझं चुकलं तर किल्ल्या घ्या."

राजाने नाखुशीने मान हलवली. गावाबाहेरच्या माळावर पाण्याने भरलेला माठ ठेवला. मथुराबाईने लांब बांबूच्या टोकाने तुकडा आत सोडला. आधीचे तिघं पाण्यावर तरंगत. हा तरंगलाच नाही, थेट तळाशी गेला. दुसऱ्याच क्षणी धडाका झाला आणि माठाच्या खापऱ्या उडाल्या.

धूर विरला तेव्हा राजा खाली दगडावर बसला होता. तो म्हणाला, "पोरांना पुढे बसवा म्हणालो होतो मी."

"कुणाला काही झालं नाही, महाराज," मथुराबाई म्हणाली. कित्येक दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

बारशाला तळ्यात पणत्या सोडल्या. मुलं पायरीवर पाय बुडवून रात्र पडेपर्यंत खेळली.

तात्पर्य: गोष्टींचा कल नीट ओळखला, की पुढचा धोका न अनुभवताही कळतो, आणि कळला, की तो वेळेवर बोलून दाखवावा.