गिळलेलं कवच

एका टेकडीच्या पायथ्याशी दगड तपासायची प्रयोगशाळा होती. तिथं कुंदा नावाची बाई कामाला होती. हात हलका, पण मन भारी घाबरट. घरी कडी लावली का, लेकीनं डबा खाल्ला का, दिवसभर हाच घोर.

तिचं काम नाजूक. फार फार पूर्वी त्या टेकडीच्या जागी समुद्र होता. त्यात रेडिओलारिया नावाचे इवलेसे जीव राहायचे. जीव मेले, त्यांची काचेसारखी जाळीदार कवचं दगडात राहिली. कुंदा दगड आम्लात विरघळवायची, गाळ धुवायची, आणि सूक्ष्मदर्शकात बघत बारीक कुंचल्यानं एकेक कवच काचेच्या काडीच्या टोकाला चिकटवायची. खसखशीच्या दाण्यावर दहा मावतील एवढं ते. मग यंत्र ते फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी एक्स-रे काढायचं. न फोडता कवचाचं पोट पडद्यावर दिसायचं. त्यावरून प्रयोगशाळेच्या प्रमुख विदुला मॅडम दगडाच्या थराचं वय सांगायच्या.

टेकडीच्या वरच्या थरातून महिनाभरात एकच अखंड कवच मिळालं. कुंदानं ते उचललं, काडीला टेकवलं. बसलं असं तिला वाटलं. मग सुईत दोरा ओवताना बायका करतात तसं तिनं कुंचल्याचं टोक सवयीनं ओठांत धरून ओलं केलं.

पाहते तर काडी रिकामी. कवच कुंचल्यालाच चिकटून राहिलं होतं, ते तोंडात गेलं.

शेजारच्या टेबलावरच्या प्रमिलाताईंना तिनं हळूच सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून हसल्या. "गिळलंस? अगं, कोट्यवधी वर्षांचं शिळं!"

"ताई, नोकरी जाईल माझी."

"मग खालच्या थरातलं चिकटव एखादं. बाहेरून सगळी सारखीच. कोण बघतंय?"

कुंदानं तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला हाका मारत बोलावलं. पडद्यावर कवचाचं पोट दिसत होतं. आत तीन कड्या.

"कुंदा, बघ! अशी आतली रचना फक्त जुन्या थरांत असते. आणि ही वरच्या थरात मिळाली! म्हणजे टेकडीचं वय सगळे आजवर चुकीचं सांगत होते. मी लेखात लिहिलंसुद्धा. तुझंही नाव घातलंय."

काल एक कवच गेलं होतं. आज कुंदापायी अख्ख्या टेकडीचं वय बदलत होतं. गप्प बसलं तर नोकरी राहील, कौतुकही होईल. पण उद्या कोणी खोटं पकडलं, तर तोंड मॅडमचं काळं होणार.

"मॅडम, ते वरच्या थरातलं नाही," ती कशीबशी म्हणाली. "वरचं मी गिळलं."

मॅडमनी पडदा बंद केला. म्हणाल्या, "आज घरी जा."

रात्रभर कुंदाचा डोळा लागला नाही. सकाळी ती कामाचा एप्रन परत करायलाच आली. टेबलावर पाण्याची एक वाटी होती, नवा कुंचला होता, आणि वरच्या थराचा उरलेला गाळ.

"कुंचला वाटीत ओला करायचा," मॅडम मागून म्हणाल्या. "आणि खाऊ नकोस आता काही. नाश्ता करून येत जा."

कुंदा हसली नाही. रडूच आलं तिला.

तिनं सगळा गाळ धुतला. दुसरं अखंड कवच काही मिळालं नाही. लेखात मॅडमनी त्या जागी एवढंच लिहिलं: 'वरचा थर. अखंड कवच हाती लागले नाही.' खाली कुंदाचं नाव मात्र तसंच ठेवलं.

तात्पर्य: हरवलेल्या वस्तूची जागा रिकामी दिसली तरी चालते; तिथं खोटी वस्तू ठेवली, तर आपल्यावर विश्वास ठेवणाराच आधी फसतो.