बयजाईची नीज

फार वर्षांपूर्वी, घाटाला अजून वाटही पडली नव्हती तेव्हा, वाघझऱ्याच्या धनगरवाड्यावर माणसांपेक्षा म्हशी जास्त होत्या. तिथे बयजा नावाची एक बाई राहायची. आज तिला सगळे बयजाई म्हणतात, पण जिवंतपणी तिला कुणी आई म्हटलं नव्हतं. नवरा रानात गेला तो परतला नाही, पोटी लेकरू नाही. तिच्याजवळ होता एक पाटा, एक वरवंटा आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी नावाची म्हैस.

त्या डोंगरात पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही. गवत पाण्याने फुगायचं, गोठ्यात चिखल व्हायचा आणि रेडकांना हगवण लागायची. रेडकू गेलं की म्हैस पान्हा चोरायची. म्हैस आटली की तूप नाही, आणि तूप नाही तर खालच्या गावातून नाचणीही नाही. साऱ्या वाड्याचं पोट असं रेडकांच्या पोटावर टांगलेलं होतं.

बयजाजवळ त्यावर एक चाटण होतं. कुड्याची साल, हळद, ओवा, लसूण आणि मीठ पाट्यावर वाटायचं, ताकात कालवायचं आणि रेडकांना बोटाने चाटवायचं. आजाऱ्याचं औषध नव्हतं ते. धडधाकट रेडकाला रोज थोडं थोडं द्यायचं, म्हणजे भर पावसातही त्याचं पोट घट्ट राहतं, एवढंच तिचं सांगणं होतं. सोपं होतं, पण सोप्या गोष्टीचाच माणसाला कंटाळा येतो.

वाड्यावरच्या बायका म्हणायच्या, बयजाच्या हाताला गुण आहे, आपण वाटलं तर त्याची नुसती चटणी व्हायची. ऐकायला हे कौतुक वाटतं. खरं पाहिलं तर आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालायची ती गोड रीत होती. मग साऱ्या वाड्याचं चाटण एकटी बयजा वाटायची. तिचे तळवे हळदीने पिवळे झाले ते पुन्हा कधी उजळले नाहीत, आणि खांदे असे भरून यायचे की वेणी घालायला हात वर जात नसे. असं म्हणतात, एकदा देव तिच्या दारात येऊन वर माग म्हणाला, तर ती म्हणाली, मागाहून ये बाबा, आत्ता डोळा लागलाय.

मग एका वर्षी खालून एक पुडीवाला आला. त्याच्या पुडीत राखाडी भुकटी होती. पडलेल्या रेडकाच्या जिभेवर चिमूट टाकली की ते शेपूट उडवत उठायचं. वाडा हरखला. वाड्याचा म्होरक्या कोंडिबा झोरे बयजाच्या दारात येऊन म्हणाला, "आक्का, आता तुजा पाटा उभा करून ठेव."

बयजाला राग आला नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आता पोटभर निजायला मिळेल, एवढंच तिच्या मनात आलं. चांदीच्या रेडकापुरतं मूठभर वाटायचं आणि आडवं व्हायचं, असे तिचे बरे दिवस आले.

पण माणसाच्या हाती सोपी गोष्ट आली की तो ती जिरवत नाही, उधळतो. पडलेल्याला पुडी, उभ्याला पुडी, नुसतं शिंकलं तरी पुडी. चिमटीचं काम मुठीवर गेलं, मुठीचं ओंजळीवर. रोगाला पुडीची सवय झाली. असं म्हणतात, शेवटी शेवटी तो पुडी मिटक्या मारत खायचा आणि आणखी मागायचा.

त्या पावसात रेडकं बसली ती ओंजळभर भुकटीनेही उठेनात. एकट्या चांदीचं रेडकू तेवढं चिखलात उड्या मारत होतं. ते पाहून सारा वाडा बयजाच्या दारात आला. कोंडिबाच्या खांद्यावर त्याचं रेडकू मान टाकून पडलं होतं. तो म्हणाला, "आक्का, चुकलं आमचं. पर तूच वाट. तुज्याच हाताला गुण हाय."

बयजाने पाटा अंगणात आणून आडवा केला. ती वाटत राहिली. असं म्हणतात, तिचे डोळे कधीच मिटले होते, नुसते हात चालत होते. बायका अंगणाच्या कडेला उभ्या राहून चाटणासाठी हात पुढे करत होत्या, पण वरवंट्याकडे एकीचाही हात जात नव्हता. अखेर बयजाचे हात थांबले.

"हाताला गुण असता तर ह्यो हात आसा दुखला असता का गं?" ती म्हणाली. "रोज देन्याला गुण हाय. तुमी वाटा आता. मला निजू द्या."

आणि पाट्यावरच डोकं ठेवून ती निजली.

पाटा तिच्या डोक्याखालून काढायचा धीर कुणाला होईना. मग कोंडिबाची बायको ठकूबाई झऱ्यावर गेली आणि तिथल्या दगडावर वाटायला बसली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. असं म्हणतात, त्या दिवशी झऱ्याचं पाणी पिवळं वाहिलं. जी रेडकं बसली होती ती गेली, कोंडिबाचंही गेलं. जी उभी होती त्यांना त्या रोज चाटवत राहिल्या, आणि ती उभीच राहिली.

इकडे चांदी येऊन बयजाच्या अंगाशी उभी राहिली. मागोमाग वाड्यावरच्या साऱ्या म्हशी आल्या आणि तिच्याभोवती कडं करून थांबल्या. पाऊस कोसळत होता, पण असं म्हणतात, बयजाचा पदरही भिजला नाही आणि एकाही म्हशीची घंटा वाजली नाही. पाऊस उघडल्यावर म्हशी बाजूला झाल्या, तेव्हा बयजा तिथे नव्हती. पाट्यावर गालाएवढा खोलगट वण तेवढा होता. तो अजून आहे.

आता वाघझऱ्याला डॉक्टर येतो. जनावर पडलं तर सुई टोचून घ्यावी लागते आणि लोक घेतातही. पण पावसाच्या तोंडावर एक दिवस ठरवून घरोघरी चाटण वाटायला घेतात, आणि पाऊस सरेपर्यंत रोज चाटवतात. दुसऱ्यासाठी कुणी वाटायचं नाही, ज्याचं त्याने वाटायचं, अशी रीत आहे. त्या पहिल्या दिवशी म्हशी बयजाईच्या पाट्यापुढून नेतात. नेताना त्यांच्या घंटांमध्ये गवत कोंबतात आणि माणसं पायांतल्या वहाणा हातात घेतात. एखादं पोर बोललंच तर आई त्याच्या तोंडावर पिवळा हात ठेवते आणि म्हणते, "हळू रं. बयजाई आत्ता कुठं निजलीया."