साळूबाईची विहीर आणि गेनूचं पुस्तक

एका गावात एक भोळा लेखनिक होता. नाव गेनू. अक्षर मोत्यासारखं. सांगितलेलं सगळं ऐकायचा आणि नको तिथे लावायचा.

त्याच गावात साळूबाई नावाची म्हातारी होती. पहार घेऊन विहिरीत उतरणारी त्या भागातली पहिली बाई. आसपासच्या कितीतरी विहिरी तिने खणल्या, गावचीही. सुरुंगही तिनेच लावले. तिचा नवरा केरबा तेव्हा लिंबाखाली झोपलेला असे. विहीर झाली, पाणी लागलं आणि वरच्या दगडावर पाटलाचं नाव कोरलं गेलं.

पुढे पंचायतीने तिचा सत्कार ठरवला. चरित्र छापायचं ठरलं. लिहायला गेनूला बसवलं.

साळूबाई म्हणाली, "दगडावर पाटील आहे, असू दे. पुस्तकात तरी विहीर माझ्या नावावर लाव."

"लावतो, आजी."

गेनूने लिहिलं, 'साळूबाईने विहिरी खणल्या.' तपासायला शाळेच्या मास्तरांना दाखवलं.

मास्तर म्हणाले, "बाईमाणसाचं नाव असं उघडं टाकू नये. आधी नवऱ्याला घाल."

"बरं."

गेनूने लिहिलं, 'केरबाने विहिरी खणल्या. साळूबाई सोबत होती.' मास्तर खूश झाले. त्यांनी पान उलटलं. पुढे होतं, 'केरबा बाळंत झाला. साळूबाई सोबत होती.'

मास्तरांनी कपाळ धरलं. "बाळंतपण तिचंच ठेव रे. तिथे तिला जरा रडव. बाईच्या चरित्रात डोळ्यांना पाणी हवंच."

"बरं."

मग गावच्या विहिरीचं पान आलं. गेनूने लिहिलं, 'साळूबाईने सुरुंगाची वात पेटवली. मग ती वातीवर ओणवी होऊन रडली. वात विझली.'

मास्तरांनी 'रडली' इथपर्यंत वाचलं. डोळे पुसले आणि पुस्तक छापायला धाडलं.

छापून आलेलं पुस्तक सरपंचांनी वाचलं. गेनूला बोलावलं.

"वात विझली. मग विहीर कशी झाली?"

"पुस्तकात झालीच नाही, अण्णा."

"आणि गावात आहे ती? सत्काराला मोठी माणसं येणार. पुस्तकात एक आणि गावात एक, शोभतं का हे? उद्याच्या उद्या जुळवून टाक."

"बरं."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. गाव बाजाराला गेलं. रस्त्याच्या कामाचा मुरूम वेशीवर पडला होता. गेनूने ट्रॅक्टरवाल्याला सरपंचांचा हुकूम सांगितला. गाव परतलं तेव्हा पुस्तक आणि गाव जुळलं होतं. विहिरीच्या जागी सपाट जमीन होती. पाटलाचा दगडही आत गेला होता.

बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या. सरपंच घाम पुसत साळूबाईच्या दारात आले.

"आता तुम्हीच उतरा, साळूबाई. दुसऱ्या कुणाला हे जमायचं नाही."

"मला कसं जमेल? मी नुसती सोबत होते. तुमच्या पुस्तकात बघा. विहिरी केरबाने खणल्यात. त्याला बोलवा."

"बरं," गेनू म्हणाला आणि निघाला.

केरबाला जाऊन वीस वर्षं झाली होती. गेनू स्मशानात बसून दिवेलागणीपर्यंत हाका मारत राहिला. मग परत आला.

"आजी, घसा बसला. केरबा काही उठत नाही."

साळूबाई सुपारी कातरत होती. तिने मान वर केली नाही.

"जिवंत होता तेव्हा तरी कुठे उठत होता?"