ठकूची भवानी

खट्, खट्, खट्! हुकमाशेठच्या खडावांचा हा आवाज मी लहानपणी ऐकला, तो अजून कानात आहे. वेशीचं दार उघडलं, की सगळ्या गिऱ्हाइकांच्या आधी शेठ बाजारात शिरायचा. दिवसाचा पहिला सौदा म्हणजे भवानी. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळं शेठ मागेल त्या भावानं माल द्यावा लागे. रुपयाचा माल चार आण्यांत! एका ओट्यावर झालं, की पुढच्या ओट्यावर. तोच माल दुपारी शेठच्या दुकानात दुप्पट भावानं विकला जाई.

शेवटी ठकू कुंभारीण राजेसाहेबांपुढं उभी राहिली. बाप अंथरुणाला खिळलेला. घर चालायचं ते तिच्या मडक्यांवर.

"सरकार, शेठजींना आवरा!"

राजेसाहेब मोठे हट्टी. "रिवाज माझ्या पणज्यापासूनचा आहे, पोरी. पहिलं गिऱ्हाईक परत जाणार नाही म्हणजे नाही!"

"आणि रिवाज न मोडता मी वाट काढली तर?"

शेठ तिथंच बसला होता. तो खदखदून हसला. "काढू द्या सरकार! नाही जमलं, तर हिच्या आव्यात भाजलेली सगळी मडकी मला फुकट!"

"आहे कबूल?" राजेसाहेबांनी विचारलं.

"आहे की!" ठकू म्हणाली. "सरकार, उद्या सकाळी तुम्हीच या बघायला."

दुसऱ्या दिवशी वेशीचं दार उघडलं. शेठ पुढं, राजेसाहेब मागं. पहिला ओटा सगुणा माळिणीचा.

"ही वांगी एका पैशात दे," शेठ म्हणाला.

"भवानी झाली, शेठजी! वांगी पुऱ्या भावानं मिळतील."

"झाली? दार तर आत्ता उघडलं!"

"दार उघडायच्या आधीच ठकूनं कोथिंबीर नेली ना, पैसा देऊन!"

शेठ धाकलू बुरुडाकडं धावला. "भवानी झाली, शेठजी! सगुणाआक्कानं दुरडी घेतली." रामजी तेली म्हणाला, "माझीही झाली! धाकलूनं पळीभर तेल नेलं." शेठ घामाघूम होऊन ठकूच्या ओट्यावर आला.

"माझी भवानी रामजीकाकांनी केली," ठकू म्हणाली. "पणती नेली त्यांनी."

"पैसा कुठाय तो?"

ठकूनं मूठ उघडली. तळहातावर एकच पैसा!

"सरकार, फसवणूक!" शेठ ओरडला. "एकच पैसा सगळीकडं फिरवलाय हिनं! हा काय धंदा झाला?"

"मग धंदा म्हणजे दुसरं काय, शेठजी?" ठकू म्हणाली. "प्रत्येकाच्या घरात लागणारी वस्तू आली, प्रत्येकाला पुरा भाव मिळाला, उधारी कुणाची राहिली नाही. पैसा तुमच्या पेटीत निजतो, म्हणून तुम्हाला ओळखू आला नाही. आमचा सकाळपासून चालतोय!"

राजेसाहेब इतके हसले, की पागोटं सावरावं लागलं.

"रिवाज मोडला नाही, आणि पोरगी बुडाली नाही! ठकू, तुझ्या ओट्याचा कर आजपासून माफ. आणि तो मोठा रांजण मला दे. भाव तू सांगशील तो!"

मग ते वळले. "शेठजी, तुम्ही काय घेणार?"

ठकूनं लगबगीनं एक मडकं पुढं केलं. "वाजवून घ्या, शेठजी! चार आणे. घासाघीस नाही."

शेठनं मडक्याकडं पाहिलं, ठकूकडं पाहिलं, हसणाऱ्या बाजाराकडं पाहिलं, आणि मडकं न घेताच वेशीकडं चालू लागला.