उस्ताद सायलेन्सरपाशी बसले

एका धरणाच्या काठी एकदा एक माशांच्या पिलांचा व्यापारी राहत होता. धान्याचा व्यापारी पोती मोजतो, कापडाचा व्यापारी कापड मोजतो. या शेठजींचा माल मात्र जिवंत. बोटाएवढी पिले, ज्यांना त्या धंद्यात बोटुकली म्हणतात, पाणी आणि प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून दूरदूरच्या तलावांवर पोचवायची, हा त्यांचा व्यवसाय. पिशवीतला प्राणवायू संपला की माल संपला. त्यामुळे शेठजी स्वतः प्रत्येक पिशवीची गाठ ओढून पाहत, आणि शंका आली तर ती सोडून पुन्हा बांधत.

त्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी माल निघायचा होता. आदल्या संध्याकाळी टेम्पो धुऊन झाला होता. सकाळी पूजा झाली, नारळ फुटला, झेंडूचे हार चढले, पिशव्या मागे रचल्या गेल्या. चालक सोपानने स्टीअरिंगला नमस्कार करून चावी फिरवली. इंजिन गरगर फिरले, पण सुरू होईना. त्याने पुन्हा फिरवले. फिरायला कसूर नाही, जोरात फिरते आहे, पण पेट म्हणून घेत नाही. सणासुदीचा दिवस, दुसरी गाडी मिळायची नाही, आणि ऑक्टोबरचे ऊन हळूहळू चढू लागलेले. शेठजींच्या मनात अपशकुनाचा किडा वळवळला. त्यांनी गावातल्या वृद्ध मिस्त्रींना फोन लावला.

या मिस्त्रींना सारा तालुका उस्ताद म्हणत असे. त्या वेळी ते आपल्या हत्यारांच्या पूजेला बसले होते. पूजा उठल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा जुना नेम. त्यांचा शिष्य म्हणाला, मी जाऊन येतो. तिशीचा गडी, बरीच वर्षे हाताखाली राबलेला. त्याने पाटावरचे चार पाने हळदकुंकवासकट उचलले आणि मोटारसायकलला किक मारली. उस्तादांनी ते पाहिले आणि पूजा पुढे चालू ठेवली.

शिष्य हुशार होता. आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळले होते, एवढेच. आल्या आल्या त्याने पिशव्यांकडे नजर टाकली. पिले अजून खाली, पाण्याच्या तळाशी वळवळत होती. म्हणजे वेळ आहे, असे मनाशी म्हणून तो कामाला लागला. सेल्फ जोमाने फिरतो, म्हणजे बॅटरीत दम आहे. त्याने डिझेलची नळी सैल केली, डिझेल आले. पंपाने नळीतली हवा काढली, नोझलपाशी आटे ढिले केले; तिथेही डिझेल उडाले. इंजिन फिरते, डिझेल पोचते, तरी पेट घेत नाही. शिष्याने हात पुसले आणि निकाल दिला की डिझेलातच भेसळ आहे, टाकी रिकामी करावी लागेल, दुपार तरी होईल.

दुपार हा शब्द ऐकून शेठजींच्या पायांखालची जमीन सरकली. दुपारी या पिशव्यांत मेलेले मासे उरले असते. माणूस घाबरला की त्याला आधी कारण नको असते, कोणीतरी हवे असते. आणि जवळ उभा होता तो सोपान. डिझेल भरणारा तोच. शेठजींनी त्याला कुठे भरलेस म्हणून विचारले. त्याने नेहमीच्या पंपाचे नाव सांगितले. तेव्हा सर्वांदेखत शेठजी म्हणाले, "खरं सांग सोपान. स्वस्तातलं कुणाकडून घेतलंस?"

धंदा सुरू झाला त्या दिवसापासून सोपान ही गाडी चालवत होता. त्याचे केसही याच रस्त्यांवर पांढरे झाले होते. त्याने मान खाली घातली आणि तो एका बाजूला जाऊन उभा राहिला. शिष्याने हे सारे पाहिले, पण त्याचे लक्ष पिशव्यांकडे होते. प्राणवायू कमी पडू लागल्याने काही पिले वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागली होती. ते पाहून त्याने घाईघाईने टाकीखाली पिंप ओढले.

एवढ्यात उस्ताद आले. शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून आले, आणि रिकाम्या हातांनी आले. शिष्याने काय काय तपासले ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग बॉनेटकडे ढुंकूनही न पाहता ते गाडीच्या मागे गेले आणि चक्क जमिनीवर मांडी घालून बसले. दुखणे पुढे आणि वैद्य मागे, असा तो प्रकार पाहून जमलेले लोक एकमेकांकडे बघू लागले. उस्तादांनी सायलेन्सरच्या तोंडासमोर तळहात धरला आणि सोपानला सेल्फ मारायला सांगितले. सोपान केबिनमध्ये चढला. इंजिन गरगरले. उस्तादांनी तळहात पाहिला, हुंगला, आणि ते म्हणाले, "अजून एकदा."

शिष्याला राहवेना. हात धरून काय कळणार, हे कुतूहल त्याला पिशव्यांच्या काळजीतही स्वस्थ बसू देईना. तो त्यांच्या शेजारी बसला. उस्तादांनी त्याचा हात धरून तिथे नेला. इंजिन फिरत होते, तरी हाताला वाऱ्याची झुळूकसुद्धा लागत नव्हती.

"बाहेर काहीच येत नाही," शिष्य म्हणाला.

"मग आत काय जात असेल?" उस्तादांनी विचारले.

उस्ताद उठले आणि केबिनच्या मागून वर आलेल्या नळकांड्यापाशी गेले. इंजिन याच नळकांड्यातून हवा ओढते. त्यावर झेंडूचा भलामोठा हार होता. देवाचा म्हणून त्याला कोणी हात लावला नव्हता. उस्तादांनी आधी हात जोडले, मग हार बाजूला केला. खाली, नळकांड्याच्या तोंडावर, रबराने घट्ट बांधलेली पारदर्शक पिशवी होती. इंजिनाने ओढून ओढून ती आत चिकटली होती. ती माशांचीच पिशवी होती.

शेठजींचा चेहरा उतरला. गाडी धुताना पाणी आत जाईल म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनीच ती बांधली होती. सोपान बांधायला गेला तर, तुला नीट जमणार नाही म्हणून त्याच्या हातातून घेऊन, आपल्या हाताने, दोन रबरे लावून बांधली होती. सकाळी पूजेच्या गडबडीत ती सोडायची दोघांच्याही लक्षात राहिली नव्हती. उस्तादांनी रबरे काढून पिशवी उतरवली. सोपानने चावी फिरवली आणि दोन आचक्यांत इंजिन सुरू झाले. शेठजी त्याच्याकडे न पाहता चल, निघ, एवढेच म्हणाले आणि केबिनमध्ये बसले.

उस्ताद आणि शिष्य मागे पिशव्यांच्या सोबतीला बसले. बराच रस्ता सरला. अखेर शिष्याने विचारले, "उस्ताद, मी सगळं तपासलं. हवा कशी सुटली माझ्याकडून?"

उस्तादांनी जवळच्या पिशवीवर हात ठेवला. "बॅटरी तपासलीस, ती विकत येते. डिझेल विकत येतं, नोझल विकत येतो. ज्याला दाम मोजावे लागतात, ते गेलं का राहिलं हे माणूस लगेच बघतो. आता शेठजींचं बघ. या पिशवीतली हवा त्यांनी पैसे देऊन भरलीय, म्हणून हिची गाठ दोनदा ओढून बघितली. आणि त्याच हातांनी इंजिनाची हवा बांधून टाकली. ती फुकटची ना! फुकट मिळतं ते आहेच असं आपण धरून चालतो. त्यावाचून सगळं अडलं, तरी तिकडे नजर जात नाही."

शिष्याने केबिनच्या मागच्या काचेतून पाहिले. सोपान खड्डे चुकवत, पिशव्यांना धक्का लागू नये म्हणून जपून गाडी हाकत होता. वर्षानुवर्षे तो अशीच हाकत आला असेल. आजवर त्याच्यावर कोणी शंका घेतली नव्हती, आणि कोणी त्याबद्दल चांगला शब्दही बोलले नसेल. आपल्या तोंडून भेसळ हा शब्द किती सहज निघाला, हे आठवून शिष्याला स्वतःची लाज वाटली.

तलावावर मच्छीमार बायका वाट पाहत होत्या. त्यांनी पिशव्या तोंड बांधलेल्याच पाण्यावर तरंगत ठेवल्या. आतले आणि बाहेरचे पाणी सारखे निवाल्याखेरीज पिले सोडायची नसतात. मग एकेक गाठ सुटू लागली. काही पिले मेली होती. पण बहुतेक सगळी क्षणभर थबकून हिरव्या पाण्यात पसार झाली. शेठजींनी डोळे मिटून हात जोडले.

सोपान गाडीपाशी एकटाच उभा होता. शिष्याने काठावरच्या आपट्याची पाने तोडली, त्याच्या हातात दिली आणि वाकून नमस्कार केला. चुकलं माझं, काका, असे तो म्हणाला. सोपानने पाने कपाळाला लावली. मग विचारले, "डिझेल चांगलं होतं ना रे?"

"चांगलं होतं, काका."

"मग तेवढं शेठजींना सांग. मी सांगून उपयोग नाही."

शिष्य वळला आणि शेठजींकडे चालत गेला. तिथे सगळ्या बायका होत्या, उस्ताद होते. सर्वांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्या आवाजात त्याने ते सांगितले.