बुरडाची धामण

कुणाला तरी जगवायची तुम्हाला इतकी घाई असते, की ते तुमच्याच हातात मरत असलं तरी तुमचा हात थांबत नाही. वर स्वतःला दयाळू म्हणवता.

अशाच घाईच्या एका गावात एक बुरूड राहत होता. गावाचं धान्य ज्या कणग्यांत भरलेलं असायचं त्या सगळ्या त्याच्या हातच्या. पण त्या वर्षी उंदीर माजले. कणग्यांची बुडं कुरतडून ते बियाणापर्यंत पोचले आणि लोक उंदरांना सोडून बुरडाला बोलू लागले. वीण सैल, बांबू कच्चा, हात म्हातारे झाले. पुढच्या सुगीला कणग्या दुसऱ्या गावच्या बुरडाकडून आणू, असं पाटील चारचौघांत म्हणाला. पिढ्यानपिढ्यांचं काम हातचं जाणार, या विचाराने बुरूड खचला.

आषाढात बांबू तोडताना बेटाच्या बुडाशी त्याला धामणीचं पिल्लू दिसलं. हातभर लांब, करंगळीएवढं जाड. धामण बिनविषारी, आणि मोठी झाली की तिच्या वासानेसुद्धा उंदीर पळतात, हे त्याला माहीत होतं. त्याने ते अलगद उचललं, झाकणाच्या टोपलीत ठेवलं आणि घरी आणलं. हे वाढेल, कणग्यांखाली राहील, बी वाचेल आणि माझं कामही वाचेल, असं त्याने बायकोला सांगितलं. बुरडिणीने पाण्याची एक वाटी टोपलीत ठेवली.

बुरडाला उंदीर खाणारा साप हवा होता, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने टोपलीत उंदीर सोडला. उंदीर पिल्लापेक्षा जाड होता. पिल्लू कोपऱ्यात वळून बसलं आणि उंदरानेच त्याची शेपटी चावली. दुसऱ्या दिवशी बुरडाने मेलेला उंदीर टाकला. तिसऱ्या दिवशी त्याचे तुकडे करून टाकले. पिल्लू तोंड लावेना.

मग गाव आलं.

जो येई तो आधी झाकण उघडी. कुणी पिल्लाला हातात घेऊन वजन बघे, कुणी काडीने तोंड उघडून दात बघे. एकाने अंडं सुचवलं, एकाने खिमा, एकीने तुपात भिजवलेली पोळी. बुरूड सगळ्यांचं ऐके आणि सगळं करून बघे. सकाळी उठला की झाकण उघडून बघायचा. हातातलं काम टाकून बघायचा. जेवताना उठून बघायचा. टोपलीत कालचा घास तसाच पडलेला असायचा. तीन आठवडे असे गेले. पिल्लाच्या पाठीचा कणा वर दिसू लागला आणि बुरडाच्या डोळ्यांखाली काळं आलं.

एक दिवस शेळ्या राखणारी म्हातारी पाणी प्यायला थांबली. झाकण उघडंच होतं. तिने वाकून पाहिलं, पण हात लावला नाही.

"डोळे बघितलेस का याचे? निळसर झालेत, धुकं साचल्यासारखे. कात यायची आहे याला. अशा वेळी याला दिसत नाही, भूकही नसते. बाळंतिणीच्या खोलीत गाव शिरतं का? झाकण लाव. कात पडली की अंगठ्याएवढी दोन बेडकं आत टाक आणि विसरून जा."

"आणि तोवर काय करू?"

"काही करू नको."

बुरूड हसला. एवढं सोपं असतं तर मग काय, असं त्याला वाटलं. म्हातारी पाणी पिऊन शेळ्यांमागे निघून गेली. थोड्या वेळाने दोन शेजारी आले आणि त्यांनी झाकण उघडलं.

श्रावण लागला, पंचमी आली. गावात दरवर्षी बायका वारुळाला दूध-लाह्या वाहायच्या. या वर्षी खरा साप घरातच आहे म्हटल्यावर कोण चिखल तुडवत वारुळाकडे जातं? वाट्या घेऊन सगळं गाव बुरडाच्या अंगणात आलं. धामण गाईच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते, हे गावात प्रत्येकाने ऐकलं होतं. पाहिलेलं कुणीच नव्हतं.

पिल्लासमोर वीसेक वाट्या लागल्या. पिल्लू हललं नाही.

"कोपलाय," कुणीतरी मागून म्हणालं.

"कोपेल नाही तर काय. उपाशी मारलाय याने," दुसरा म्हणाला.

पाटील पुढे आला आणि बुरडाच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने म्हणाला, "अरे बाबा, वासरू आजारी पडलं तर नळीने औषध पाजतोसच ना? लेकरूच आहे हे. त्याला काय कळतंय. तुझ्याकडे नळ्यांना काय तोटा?"

बुरडाने पिल्लाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांवरचं धुकं आता बुरडालाही दिसत होतं. म्हातारीचे शब्द आठवले. पण अंगणात अख्खं गाव उभं होतं, आणि काही न करता उभा राहणारा तो एकटाच होता. त्याची त्याला लाज वाटली. तो कोयती घेऊन बसला. बांबूच्या कोवळ्या फांदीची काडीएवढी नळी त्याने कापली, कुठे टोचू नये म्हणून तिची तोंडं घासून गुळगुळीत केली. इतकी सुबक नळी त्याने आयुष्यात केली नव्हती. मग दोघांनी पिल्लू धरलं आणि त्याने दूध ओतलं.

बायकांनी हात जोडले. लोक समाधानाने घरी गेले, त्यांचं काम झालं होतं. अंगण रिकामं झालं तेव्हा पिल्लाच्या नाकातून दूध बाहेर येत होतं आणि ते दोरीसारखं सैल पडलं होतं.

बुरूड त्याच्याजवळ बसून राहिला. थोड्या वेळाने सवयीने त्याचा हात पुढे गेला. पोट चोळावं का, उलटं धरावं का, असं तो बडबडू लागला.

बुरडीण उठली. तिने पिल्लाचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, टोपलीत ओलं गवत घातलं, पिल्लाला त्यावर ठेवलं, झाकण लावलं आणि बांबूच्या पट्टीने आवळून बांधलं.

"मेलं तर पुरू. जगलं तर कळेल," ती म्हणाली. "पण आता या झाकणाला हात लावलास तर मी माहेरी निघून जाईन. दमले मी. तूही दमलायस. आणि तेही दमलंय."

बुरडाने वाद घातला नाही. शहाणपण आलं म्हणून नव्हे, अंगात त्राणच उरलं नव्हतं म्हणून. कुणी बघायला आलं तर बुरडीण दारातच सांगे, झोपलंय. लोकांना राग येई. मरणाऱ्या जिवाकडे हे लोक बघतसुद्धा नाहीत, असं पाणवठ्यावर बोललं जाऊ लागलं. बुरूड ते ऐके आणि मान खाली घालून कणगी विणत बसे. त्याचं लक्ष टोपलीकडेच असे, पण हात विणीत अडकवलेले असत.

आठव्या दिवशी झाकणाच्या फटीतून काहीतरी पांढरं बाहेर आलेलं दिसलं. कात होती. डोळ्यांच्या खवल्यांसकट अख्खी, कुठे फाटलेली नाही. बुरडाने चिखलातून अंगठ्याएवढी दोन बेडकं आणली, पट्टी सैल करून आत सोडली आणि पट्टी पुन्हा आवळली. मग तो बांबू तोडायला गेला आणि मुद्दाम संध्याकाळी परतला.

टोपलीत एकही बेडूक नव्हतं. पिल्लाच्या पोटात दोन फुगीर गाठी दिसत होत्या.

पुढच्या पंचमीपर्यंत धामण पुरुषभर लांब झाली. ती टोपलीत राहत नव्हती. कणग्यांखाली तिची ये-जा असे, उंदीर गाव सोडून गेले होते आणि दुसऱ्या गावच्या बुरडाचं नाव कुणी काढत नव्हतं. पंचमीला गाव पुन्हा वाट्या घेऊन अंगणात आलं. आमच्या दुधाने वाढली, असं जो तो सांगत होता.

या वेळी बुरूड दारात आडवा उभा राहिला.

"दुधाने ती मरत होती," तो म्हणाला. "नळी मीच कापली होती, म्हणून सांगतो. मी हात काढून घेतला, तेव्हा ती जगली."

पाटलाला हसू आलं. काही न करता कुणी जगतं का, असं त्याने सगळ्यांना विचारलं, आणि सगळे म्हणाले, नाही. वाट्या उंबऱ्यावर ठेवून लोक गेले. दूध मांजरांनी प्यायलं.

तात्पर्य हवंच असेल तर एवढंच: ज्याला भरवायचं त्याच्या तोंडाकडे बघावं, भोवती जमलेल्यांच्या तोंडांकडे बघू नये.

गावाला मात्र ते पटलं नाही. शेळ्या राखणारी म्हातारी कुंपणाला टेकून सगळं ऐकत होती. गर्दी पांगल्यावर ती बुरडिणीला म्हणाली, "झाकणं विणणं हा याचा धंदा, तरी झाकण लावून ठेवायला शिकताना याला सव्वा महिना लागला. गावाला तर विणताही येत नाही, बाई."