विहिरीतली विचारपूस

एका रानाच्या कडेला माणसांनी टाकून दिलेली एक जुनी विहीर होती. तिच्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत असत, आणि तिथेच एक सुगरण नर राहत असे. मुलांनो, या पक्ष्यांत घरटे नरच विणतो, आणि हा तर त्यात भलताच तरबेज होता. तेवढाच शिष्टही होता. शेजाऱ्याचे घरटे दिसले की मान वाकडी करून म्हणे, "हे घरटं आहे की गवताचा भारा?" एके दिवशी ससाण्याला चुकवताना तो विहिरीच्या काठावर आपटला. डावा पंख मोडला आणि स्वारी घरंगळत आत गेली. तेव्हा दोन-चार शेजाऱ्यांना मनातून बरे वाटले असेल, तर मी त्यांना फार दोष देणार नाही.

तो पाण्यात पडला नाही, एवढे नशीब. अर्ध्यावर एक दगड निखळून खोबण झाली होती, तिथे तो अडकला. थवा मनाने वाईट नव्हता. रोज सकाळी कुणी ना कुणी खाली येऊन त्याच्यापुढे दाणे टाकत असे. पण त्या थव्याची एक जुनी समजूत होती, की सुगरण विणते ती पंख फडफडवत, हवेत झुलत. पंख गेला की विणणेही गेले. म्हणून सगळे त्याला एकच सांगत, की बाबा, स्वस्थ पडून राहा, चोचसुद्धा हलवू नकोस. त्यालाही ते पटले आणि तो पडून राहिला. पहिले दोन दिवस पंख दुखला, मग मन दुखू लागले. "संपलं माझं," असे तो पुटपुटे, आणि खालून विहीरही म्हणे, "संपलं माझं."

भर दुपारी थवा शेतांकडे गेलेला असे. ऊन सरळ पाण्यापर्यंत उतरे आणि इतके सामसूम होई, की पान पडलेलेही ऐकू येई. अशाच एका दुपारी खालून आवाज आला, "पंख हलतोय का रे, बाळा?"

त्याच्या अंगावरची पिसे उभी राहिली. विहीर आपलेच बोलणे परत देते, हे त्याला ठाऊक होते. पण तो तर काहीच बोलला नव्हता. "नाही," तो कसाबसा म्हणाला.

"मग हलवू नकोस हो," आवाज मायेने म्हणाला. "नीज."

दुसऱ्या दुपारी तोच प्रश्न आला, पण पाण्याजवळून नव्हे, शेवाळाच्या थराजवळून. तिसऱ्या दुपारी आणखी दोन दगड वरून. त्याने वाकून पाहिले, तर नुसत्या काळ्या फटी. नवल म्हणजे त्याला त्या आवाजाची सवय होऊ लागली. दाणे नकोसे झाले, डोळे मिटून घ्यावेसे वाटू लागले. आवाज होता एका म्हाताऱ्या धामणीचा. जागे पाखरू ओरडते, मग सगळा थवा येऊन चोचींनी सापाला सोलून काढतो, हे ती जाणून होती. म्हणून हे पाखरू आपणहून विझण्याची वाट पाहत ती दगडामागून दगड चढत होती.

चौथ्या सकाळी वर कुणीतरी विणताना गवताची एक पाती निसटली आणि थेट याच्या चोचीवर पडली. पाती वेडीवाकडी फाडलेली होती. बिचारा मरायला टेकला होता, तरी त्याला ते बघवेना. "काय ही फाडलीय," असे म्हणत त्याने ती चोचीने सारखी केली. खोबणीतून पिंपळाची एक मुळी बाहेर पाण्यावर लोंबत होती. सहज चाळा म्हणून त्याने पाती तिच्याभोवती गुंडाळली. गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. खालून "पंख हलतोय का?" असे आले, तेव्हा कुठे दुपार झाल्याचे त्याला कळले.

"नाही," तो म्हणाला. "पण थांब जरा, ही गाठ सुटेल." आणि तो पुन्हा गाठीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी दाणे घेऊन आलेल्या शेजाऱ्याला त्याने पात्या आणायला सांगितले. शेजारी घाबरला. असले काही करशील तर पंख कायमचा जाईल, असे त्याने बजावले.

"पंख पडूनच आहे," तो म्हणाला. "चोच कुठे मोडलीय माझी?"

मग काम सुरू झाले. मोडका पंख अंगाशी घट्ट धरून, मुळीला पायांनी पकडून तो विणू लागला. झुलता येत नव्हते, म्हणून एकेका टाक्याला चार-चार खेपा पडत. दोन दिवसांच्या कामाला बारा दिवस लागले. घरटे झाले तेही एका अंगाला फुगलेले. शेजाऱ्याने असे विणले असते तर हा पोट धरून हसला असता. पण संध्याकाळी त्यात शिरून बसला, तेव्हा त्याला मनापासून आनंद झाला. आता तो दाणेही चवीने खात होता. खालची विचारपूस रोज चालूच होती, आणि ती आता खोबणीच्या अगदी खालून येत होती.

शेवटी भुकेने धामणीला धीर धरवेना. काम सुरू झाल्यापासून तेराव्या दुपारी कुणी काही विचारले नाही. घरट्यात बसल्या बसल्या याला दगडावर अंग घासल्याचा बारीक आवाज आला. खोबणीत एक चपटे डोके शिरले, याच्या नेहमीच्या, आता रिकाम्या जागेवरून हळूहळू फिरले आणि मग मुळीकडे वळले. घरटे थरथरले. बाहेरून थंड अंग घरट्यावर वेटोळे घालू लागले. आत याने वीण पायांनी घट्ट धरली. पण लोंबती वीण गुळगुळीत होती, आणि घरटे झुलू लागताच धामणीची पकड सुटली. धपकन पाणी उडाले. याने एकच कल्लोळ केला. तो ऐकून शेतांकडे गेलेला थवा परत फिरला, आणि धामण खोल फटीत पळाली.

पुढे पंधरा दिवसांनी पंख जुळून आला. तो थोडा वाकडाच बसला होता, तरी सुगरण वर उडून आला. आता त्या बाभळीवर कुणाला दुखापत झाली, की थवा दाण्यांबरोबर गवताच्या पात्याही नेऊन देतो. भर दुपारी विहिरीतून अजूनही कुणीतरी मायेने विचारपूस करते. पण त्याला उत्तर द्यायला कुणाला सवड नसते.

तात्पर्य : मोडलेल्या अंगाला विसावा द्यावा, धड असलेल्या अंगाला काम द्यावे, दोन्ही निजली की संकट उशाशी येऊन बसते.